कंसातला योग्य शब्द

साळवीकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते वाणसामानाच्या दुकानात, काकूंशी भांडताना. म्हणजे भांडत काकू होत्या. काका शर्टाच्या खिशातली शिसपेन्सिल काढून काकूंच्या यादीवर काहीतरी करत होते. जॅक्सन हाइट्समध्ये तेव्हा आपल्या लोकांची दुकानं मोजकीच होती, आणि कुठून मराठी ऐकू आलं की माणूस हातातली भेंडी टाकून त्या दिशेनं जायचा. मीही गेले. यादीत पोहे, साबुदाणा, गोडा मसाला, कोकम असं नेहमीचंच होतं. फक्त साबुदाणा आणि कोकम या दोन शब्दांच्या दोन्ही बाजूंना काकांनी सुबक चौकोनी कंस घातले होते.

"हे काय?" मी न राहवून विचारलं.

"ज्यावर एकमत नाही ते कंसात," काका गंभीरपणे म्हणाले. "बाकीचं मंजूर. तेवढं घेऊन टाकू."

"घरातसुद्धा यांचं ऑफिसच चालू असतं गो," काकू म्हणाल्या, आणि यादी त्यांच्या हातातून ओढून घेऊन दोन्ही वस्तू त्यांनी टोपलीत टाकल्या. काकांनी पेन्सिल परत खिशात ठेवली. त्यांना राग आलेला दिसला नाही.

योगायोग असा की ते आमच्याच इमारतीत निघाले, आमच्या वर दोन मजले. माझा नवरा सुधीर क्वीन्समधल्या एका हॉस्पिटलात रेसिडेन्सी करत होता, म्हणजे घरी फक्त झोपायला येत होता. मी नागपूरची, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास झालेली, आणि दिवसभर खिडकीशी बसून वेड लागायच्या बेतात आलेली. काका आपल्या सरकारचे राजनैतिक अधिकारी आहेत हे कळल्यावर मी जरा दबकलेच. अशा माणसाकडे काळी मोटार असते, मागे धावायला शिपाई असतो, अशी माझी समजूत. काकांकडे सात नंबरच्या भुयारी गाडीचं टोकन होतं आणि पोळीभाजीचा स्टीलचा डबा.

ईस्ट रिव्हरच्या काठी ती काचेची उंच इमारत आहे, जिच्यासमोर सगळ्या देशांचे झेंडे लावलेले असतात, तिथे त्यांचं काम. सभागृहात देशाच्या नावाची पाटी असते. पाटीमागे राजदूत बसतात, आणि राजदूतांच्या मागे आणखी एक खुर्ची असते. फाईल घेऊन त्या खुर्चीवर बसणारा माणूस म्हणजे साळवीकाका. पुढच्या खुर्चीवरची माणसं बदलत गेली, मागची बदलली नाही, कारण त्या फाईलमध्ये काय कुठे आहे हे दुसऱ्या कुणाला समजत नव्हतं. "मला राजदूत चेहऱ्यानं आठवत नाहीत," ते म्हणायचे. "मानेनं आठवतात."

त्यांनीच मला तिथे टायपिस्टची जागा आहे म्हणून सांगितलं. वर एक मुलाखतही घेतली.

"टाइप करताना शब्द खातेस का?"

"नाही."

"कंस?"

"कंस कशाला खाईन मी, काका?"

"तिथे सगळा पगार कंसांचाच मिळतो, म्हणून विचारलं."

ते खरंच होतं. विषय अण्वस्त्रांचा. ती आणखी कुणाच्या हाती पडू नयेत आणि ज्यांच्या हाती आहेत त्यांनी मोडीत काढावीत, असा एक जाहीरनामा सगळ्या देशांच्या एकमतानं करायचा म्हणून एक समिती वर्षानुवर्षं बसत होती. एका देशानं जरी एखाद्या शब्दाला नाही म्हटलं तरी तो शब्द चौकोनी कंसात जायचा, आणि त्याच्याऐवजी दुसऱ्यानं सुचवलेला शब्द शेजारच्या कंसात. तळघरात, बिनखिडकीच्या खोलीत, आम्ही बायका ते सगळं टाइप करत असू. मी लागले तेव्हा अख्ख्या मसुद्याला कंसांचं कुंपण होतं. स्वल्पविरामसुद्धा कंसात होता एका ठिकाणी. पुढच्या पाच वर्षांत त्यातले बहुतेक कंस निघाले, आणि प्रत्येक कंस कुठल्या दिवशी, कुणाच्या तोंडून निघाला हे काकांना पाठ होतं. शेवटी उरला परिच्छेद सदतीस.

मूळ अर्थातच इंग्रजीत होता. मराठीत सांगायचं तर असा: ज्यांच्याकडे अण्वस्त्रं नाहीत ते देश ती मिळवणार नाहीत [आणि] [आणि यथावकाश] ज्यांच्याकडे आहेत ते देश ती नष्ट करतील.

बस, एवढंच. नुसतं 'आणि' म्हणजे दोन्ही गोष्टी बरोबर. 'आणि यथावकाश' म्हणजे काय, ते ज्यानं एकदा तरी सरकारी कचेरीत अर्ज दिला आहे त्याला मी समजावून सांगायला नको. "आमच्या गावच्या खाडीवर यथावकाश पूल होणार होता," काका म्हणायचे. चिपळूणजवळचं त्यांचं गाव. "मी तेव्हा चौथीत. अजून लोक तरीतून जातात." आणि मग, अगदी सहज, "हे दोन कंस सुटले की मी घरी गेलो तरी चालेल." निवृत्तीला त्यांची थोडीच वर्षं राहिली होती. ते हे इतक्या वेळा म्हणायचे की आम्हाला त्यातला अर्थ ऐकू यायचा बंद झाला होता.

या विषयात कसे पडलात, असं मी एकदा विचारलं. मला वाटलं, काहीतरी जपानमधली आठवण सांगतील, डोळे पाणावतील. ते म्हणाले, "फाईल टेबलावर आली. आधीचा माणूस कंटाळून रजेवर गेला होता." यापुढे एक अक्षर नाही. खरं काय ते काकूंकडून कळलं. पाचव्या मजल्यावरच्या त्या घरात सोफा नव्हता. दोन घडीच्या खुर्च्या, एक सतरंजी, आणि पाहुणा आला की काकू ओशाळायच्या. "सोफा पाच वर्षं कंसात आहे," त्या म्हणाल्या. "यांना वाटतं, आज घ्यायचा आणि उद्या कुणीतरी बटण दाबलं तर? मी म्हणते, दाबलं तर दाबलं, तोवर बसू तरी." हे त्या हसत सांगायच्या. मीही हसले होते. माणूस खरोखरच रोज सकाळी उठून उद्या जग असेल की नाही याचा विचार करत असेल, हे सव्वीस वर्षांच्या मुलीला कुठून सुचणार.

एकदा शहरात अण्वस्त्रांच्या विरुद्ध फार मोठा मोर्चा निघाला. रस्ते माणसांनी फुललेले, लोक लेकरंबाळं खांद्यावर घेऊन आलेले. काकू म्हणाल्या, आपण जाऊ. काका म्हणाले, "मी सरकारी नोकर. मला मोर्चात चालता येत नाही." मग थोड्या वेळानं म्हणाले, "फुटपाथवर चालायला मात्र बंदी नाही." तर त्या दिवशी काकू आणि मी रस्त्यात, मोर्चात, आणि काका आमच्या बरोबरीनं फुटपाथवरून, हातात घडी केलेली छत्री, असे आम्ही थेट पार्कपर्यंत गेलो. मधे लाकडी अडसर होते. काकूंनी दशम्या आणल्या होत्या, त्या अडसरावरून पलीकडे दिल्या. एका पोलिसानं काकांना हटकलं, एक तर आत जा, नाही तर बाजूला व्हा.

"आय अ‍ॅम ओन्ली वॉकिंग होम, ऑफिसर," काका म्हणाले.

"घर कुठे?"

"क्वीन्स."

क्वीन्स अगदी उलट दिशेला. पोलिसानं एकदा नदीकडे पाहिलं, एकदा काकांच्या हातातल्या दशमीकडे, आणि जाऊ दिलं. त्या दिवसाइतकं खुशीत मी काकांना कधी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी समिती बसली आणि परिच्छेद सदतीस आदल्या दिवशी होता तिथेच होता.

त्यांच्या या कंसाच्या सवयीची आम्ही खूप थट्टा केली, पण तिनं एक घाव घातला तो मात्र मी जवळून पाहिला. त्यांची मुलगी नंदिनी न्यू जर्सीला कॉलेजात होती. तिला तिच्या वर्गातल्या डेव्हिड नावाच्या मुलाशी लग्न करायचं होतं. तिनं घरी येऊन सरळ सांगितलं. काका म्हणाले, "विचार करू." काकूंनी कपाळाला हात लावला. या घरात 'विचार करू' म्हणजे कंस. काकांनी नाही म्हटलं नाही. हो म्हटलं नाही. मुलाला भेटले, त्याला चहा दिला, हवापाण्यावर बोलले. दोन वर्षं असं चाललं. शेवटी नंदिनी एकदा उभ्या उभ्या म्हणाली, "बाबा, यू कान्ट ब्रॅकेट मी. आय अ‍ॅम नॉट अ पॅराग्राफ." काका म्हणाले, "अगं, मी कुठे नाही म्हणतोय?" ती म्हणाली, "दॅट्स द प्रॉब्लेम."

तिनं सिटी हॉलमध्ये रजिस्टर लग्न केलं, एका गुरुवारी. तारीख आधी कळवली होती. काकू आणि मी गेलो. काकांची समिती होती. ते काही दुष्ट नव्हते हो, त्या दिवशी खरोखरच सदतिसावर चर्चा होती, आणि त्यांना वाटत होतं आज काहीतरी हलेल. काहीही हललं नाही. संध्याकाळी ते आमच्या दारात आले, बूटही न काढता उभे राहिले आणि मला म्हणाले, "कुठली साडी नेसली होती?"

"साडी नव्हती, काका. पांढरा ड्रेस होता."

"बरं," ते म्हणाले, आणि जिना चढून वर गेले.

आता माझ्या चुकीबद्दल. ती सांगायची म्हणूनच खरं तर हे सगळं लिहायला बसले.

अधिवेशनाचा शेवटचा दिवस. काकांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. सकाळी अकरा वाजता समिती बसायची होती आणि त्याआधी अंतिम मसुद्याची शुद्ध प्रत सगळ्यांच्या टेबलावर हवी होती. इंग्रजी प्रत माझ्याकडे. आठवडाभर आम्ही मान वर केली नव्हती. पहाटेपासून बोटं आपापली चालत होती, डोकं कुठेतरी मागे राहिलं होतं. परिच्छेद सदतीस आला. समोर एक वाक्य, त्यात दोन कंस, दोन पर्याय.

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा, असं वाक्य समोर आलं की हात काय करतो. कंसातील योग्य शब्द निवडून वाक्य पूर्ण करा. सहावीपासून दहावीपर्यंत दर चाचणीला हा प्रश्न. माझ्या हातानं योग्य शब्द निवडला, वाक्य पूर्ण केलं, आणि पुढच्या परिच्छेदावर गेला. मला कळलंसुद्धा नाही.

प्रतींचा गठ्ठा घेऊन मलाच वर सभागृहात पाठवलं, कारण नेहमीचा माणूस आजारी होता. वाटून झाल्यावर मी भिंतीशी उभी राहिले. काकांकडे पाहिलं आणि जरा चकितच झाले. राजदूत कुठल्याशा दुसऱ्या बैठकीला गेले होते आणि काका पुढच्या खुर्चीवर बसले होते, पाटीमागे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर कुणाची मान नव्हती.

अध्यक्षस्थानी पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, कुठल्यातरी थंड, छोट्या देशाच्या. त्या एकेक परिच्छेद वाचायच्या. कंस आला की तोही वाचायच्या, "कंस सुरू, कंस पूर्ण" असं, आणि मग हरकती. हरकत नसली की छोटा लाकडी हातोडा आपटायचा, परिच्छेद मंजूर. सगळे थकलेले होते. कुणी पत्र लिहीत होतं, कुणी डोळे मिटून बसलं होतं. बाईंनी सदतीस वाचला. ज्यांच्याकडे नाहीत ते मिळवणार नाहीत आणि ज्यांच्याकडे आहेत ते नष्ट करतील. वाक्य न अडखळता गेलं. 'कंस सुरू' आलंच नाही.

तेव्हा मला कळलं. कंस मी खाल्ले होते.

"हरकत?" बाईंनी विचारलं. कुणी वर पाहिलं नाही. ज्यांनी पाच वर्षं 'यथावकाश'साठी जीव काढला होता तेही गप्प. बाईंनी हातोडा उचलला. मी काकांकडे पाहत होते. त्यांनी पान जवळ घेतलं, वाचलं, पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा असा झाला की मी आजवर कुणाचा तसा पाहिला नाही. आनंद होता तो, दुसरा शब्द नाही. दोन-तीन क्षण असेल. मग त्यांनी समोरची देशाच्या नावाची पाटी उचलून उभी केली. बोलायचं असलं की तशी करतात.

"अध्यक्षबाई," ते म्हणाले, "या पानात टंकलेखनाची चूक आहे. दोन कंस राहून गेले आहेत."

सभागृह खडबडून जागं झालं. पानं उलटली गेली. कुणीतरी हसलं. एका बलाढ्य देशाच्या प्रतिनिधीनं उठून साळवीसाहेबांच्या दक्षतेबद्दल त्यांचे मनापासून आभार मानले. चुकीच्या प्रती गोळा करायचं काम माझ्याकडेच आलं. मी टेबलाटेबलांवरून ते पान उचलत गेले आणि काकांच्या टेबलाशी आले तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी सात नंबरच्या गाडीत ते माझ्या शेजारी येऊन बसले. गाडी बोगद्यातून वर आली, क्वीन्सच्या गच्च्या दिसायला लागल्या. मग ते म्हणाले, "किती मार्कांना असायचा गं तो प्रश्न? कंसातला योग्य शब्द?"

"पाच," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

"पैकीच्या पैकी दिले असते तुला."

"मग बोललात कशाला, काका? कुणाचंच लक्ष नव्हतं."

त्यांनी मांडीवरचा रिकामा डबा सरळ केला. "त्या शब्दावर सगळ्यांचा होकार हवा, शैला. तुझ्या एकटीचा घेऊन मी काय करू?"

हे त्यांचं उत्तर. मला ते तेव्हाही पुरलं नाही. फ्रेंच प्रतीत कंस होते, रशियन प्रतीत होते, चूक आज ना उद्या पकडली जाणारच होती, हे खरं. आणि पकडली गेली असती तर भारतीय टायपिस्टनं भारताला हवा तोच शब्द ठेवला, असंच लोकांना दिसलं असतं, माझी नोकरी गेली असती, हेही खरं. त्यांनी तत्त्वासाठी पाटी उभी केली की माझ्यासाठी, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. माझ्यासाठी केली असेल तर ते ओझं मला पेलायचं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी कंस परत आले, चर्चा झाली, एकमत झालं नाही. सदतीस पडला, आणि सदतीस पडला म्हणून अख्खा जाहीरनामा पडला. निघालेले सगळे कंस, पाठ असलेल्या सगळ्या तारखा, सगळं गेलं. समितीनं अहवाल लिहिला, तो मीच टाइप केला. त्यात एकही कंस नव्हता, कारण त्यात काहीच नव्हतं. काकांना त्यांच्या साहेबांनी विचारलं, गप्प बसायला काय झालं होतं? मग वरून पत्र आलं. वरून म्हणजे कुठून हे काका कधी सांगत नसत, नुसतं बोट वर करत, देवाकडे करावं तसं. निवृत्तीला काही महिने बाकी असताना त्यांना परत बोलावलं होतं.

ते चिपळूणला गेले, आणि वर्षाच्या आत काकूंचं पत्र आलं की काका गेले. जेवून उठले, हात धुतले, आणि ओसरीवर बसले ते बसलेच. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, सोफा घेतला होता गेल्या महिन्यात. मी ते पत्र वाचून सुधीरला दाखवलं नाही. कपाटात ठेवलं, साड्यांच्या खाली.

मला काका आठवतात ते मात्र त्यांच्या निघायच्या दिवशीचे. रविवार होता. मी आवराआवर करायला वर गेले होते. सतरंजी गुंडाळलेली, भिंती उघड्या, काकू स्वयंपाकघरात नंदिनीशी फोनवर बोलत होत्या. काका घडीच्या खुर्चीवर बसून कागद निवडत होते, एक ढीग ठेवायचा, एक टाकायचा. टाकायचा ढीग कमरेइतका झाला होता.

"हे बघ, तुझा पेपर," ते म्हणाले.

ते पान होतं. परिच्छेद सदतीस, माझ्या हातचा, स्वच्छ.

"सगळ्या प्रती मी गोळा केल्या होत्या," मी म्हटलं.

"एक मी आधीच खिशात घातली होती. नोकरीतली एवढीच चोरी."

मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, चला, हे तरी बरोबर नेतील. त्यांनी शर्टाच्या खिशातून शिसपेन्सिल काढली, टोक बघितलं, पान गुडघ्यावर सपाट केलं आणि 'आणि'च्या अलीकडे एक कंस काढला, पलीकडे एक. मग समासात बाण काढून, बारीक अक्षरात, राहिलेले शब्द त्यांच्या कंसासकट लिहून टाकले.

"काका, राहू द्या ना," मी म्हटलं. "एवढी एक प्रत तरी तशीच राहू द्या."

"तशी ठेवली तर उद्या कुणाच्या तरी हाती लागेल. त्याला वाटेल, एकदा झालं होतं." त्यांनी पानावर हलकेच फुंकर मारली आणि ते माझ्या हातात दिलं. "तपासून दिलाय. घे."

आतून काकूंनी हाक मारली. रिसीव्हरवर हात ठेवून त्या दारात आल्या होत्या. "अहो, नंदिनी विचारतेय, ती आणि डेव्हिड विमानतळावर आले तर चालेल का?"

काका पुढचा कागद उचलून वाचायला लागले होते.

"विचार करून सांगतो म्हणावं," ते म्हणाले.

काकू रिसीव्हरवरचा हात न काढता तशाच उभ्या राहिल्या. विमान सहाचं होतं. तेव्हा साडेबारा वाजले होते.